चारशे साठ

३ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला. मला पत्रं लिहायची सवय नाही, हे तुला माहीत आहे. तू नोकरीसाठी तिकडे गेलीस तेव्हापासून दर महिन्याला दादाच लिहायचा आणि शेवटी माझ्या वतीने "काका बरा आहे" एवढं टाकायचा. आता ते मलाच लिहायचं आहे. काका बरा आहे.

दादाचे दोन शर्ट धान्याच्या चाळणघरात कामाला येणाऱ्या एकाला दिले. त्याच्या अंगाला बसले. स्वेटर ठेवला आहे, तुला हवा असेल तर पाठवतो. तीन पाण्यांतून काढला तरी शेवटचं पाणी चहासारखंच निघालं. नोव्हेंबरमध्ये तू आणलेल्या चपला अजून नव्यासारख्या आहेत. मला त्या होत नाहीत. दाराशी होत्या तिथेच आहेत.

तू दादाचं, तुझ्या बाबांचं, तपासणीचं कार्ड मागितलं आहेस. ट्रंक पाहिली, फळीवरचा पत्र्याचा डबा पाहिला. सापडलं नाही. कामाच्या गडबडीत कुठे पडलं असेल. सापडलं तर कळवतो, पण फार आशा धरू नकोस.

आता विडीचं. तू लिहिलंस, "काका, तुम्ही दोघं दोन खोल्यांत राहत होता. तुम्हाला वास आला नाही असं होणार नाही. बाबा शेवटपर्यंत ओढत होते का, एवढंच सांगा." मी काय सांगू? माणूस सगळा वेळ डोळ्यांसमोर असतो असं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या अंगणात जाऊन बसायचा. ओढत असेल. तुझ्याशी खोटं बोलावं असं त्याच्या मनात नसणार, पण सवय सुटत नाही माणसाची. तू नोव्हेंबरमध्ये जे बोललीस ते कुठलीही मुलगी बोलली असती. मनाला लावून घेऊ नकोस.

थंडी कमी झाली आहे. नळाला आता सकाळी पाणी येतं.

तुझा काका

१४ फेब्रुवारी

चिंगी,

तुझं दुसरं पत्र वाचलं. परत वाचलं. "ज्या माणसाचा फुंकीचा आकडा ऑगस्टमध्ये चारशे साठ आहे तो विडीशिवाय डिसेंबरात असा धापेने जात नाही. लॅबमध्ये आठ तास मी आकडेच बघते. आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. बाबा माझ्याशी खोटं बोलत गेले, आणि मी रागाने भेटायला आले नाही. यातलं जास्त वाईट काय, ते मला ठरवता येत नाही." आणि त्याचा फोटो तू पाकिटातून काढून ठेवलास.

फोटोचं वाचल्यावर जेवलो नाही, असं लिहिणार होतो. जेवलो.

कार्ड सापडलं आहे. खरं सांगायचं तर हरवलंच नव्हतं. दादा गेला त्या दिवशी मी ते त्याच्या खिशातून काढून माझ्या खिशात ठेवलं. तेव्हापासून रोज शर्ट बदलताना ते या खिशातून त्या खिशात जातं.

विडीचं मी लिहिलं ते खोटं होतं. दादाने विडी सोडली त्याला चार वर्षं झाली. तू त्याच्या खिशातून काडेपेटी काढून टेबलावर आपटलीस ना, ती स्टोव्हची होती. घरातली संपली म्हणून त्या सकाळी मीच त्याला आणायला सांगितली होती. तू कार्ड त्याच्यासमोर धरलंस आणि म्हणालीस, "बाबा, हा आकडा माझ्यापेक्षा चांगला आहे. तुम्हाला काही झालेलं नाही. ही धाप विडीची आहे." तेव्हा मी मोरीत पेला घासत होतो. तो पेला केव्हाच स्वच्छ झाला होता. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. तो तुला म्हणाला, "बरं बाई, तुझं खरं." तू बॅग उचललीस. खरं बोलायला लागलात की येईन, असं म्हणालीस. तो दारापर्यंत आला आणि थांबला. तुला वाटलं, रागाने थांबला. बाहेरच्या नऊ पायऱ्या उतरल्या तर लगेच परत चढता येणार नाहीत, म्हणून थांबला होता.

चपलांचंही सांगून टाकतो. तो रस्त्यात सारखा वाकून चपलेचा पट्टा ठीक करायचा, म्हणून तू नव्या आणल्यास. जुनीचा पट्टा चांगला होता. चालता चालता दम संपला की चारचौघांत उभं राहायला त्याला काहीतरी कारण लागायचं. नव्या चपलांच्या पट्ट्यालाही तो तसाच वाकायचा.

म्हणजे तो तुझ्याशी खोटं बोलत नव्हता. मग आकडा कसा, असं तू विचारशील. ते मला माहीत आहे. आज एवढंच लिहून होतंय.

काका

२३ फेब्रुवारी

चिंगी,

तू चाळणघर आतून कधी पाहिलं नाहीस. दादा येऊ द्यायचा नाही. केस खराब होतील म्हणायचा.

पत्र्याची मोठी शेड आहे. आत चार यंत्रं. प्रत्येक यंत्राला वर एक लाकडी माचा आहे, त्याला आम्ही तोंड म्हणतो. शेतातून आलेली पोती तिथे कापून ओतायची. धान्य चाळण्यांवरून घरंगळत खाली येतं आणि माती, फोलपट, कुसळं, बुरशी, सगळं वर उठतं. खाली दाराजवळ यंत्राचं शेपूट. तिथे स्वच्छ धान्य पोत्यात भरायचं आणि पोतं शिवायचं. एका यंत्राला दोन माणसं. आमच्या यंत्रावर दादा तोंडावर आणि मी शेपटाला, अकरा वर्षं.

भिजून आलेला माल सगळ्यात वाईट. पोतं कापलं की राखेसारखा धूर निघतो आणि बंद तळघरासारखा वास येतो. त्या दिवशी संध्याकाळी तोंडावरच्या माणसाला थंडी वाजून ताप यायचा, कोरडा खोकला यायचा. सकाळी उतरायचा. इतक्या जणांना इतक्या वेळा यायचा की आम्ही त्याला आजार म्हणतच नव्हतो, "भिजक्याचा ताप" म्हणायचो आणि कामाला जायचो. नाकाला फडकं बांधायचो. चांगले, हवा गाळायच्या डबीवाले मास्क सहा होते. मुकादमाच्या कपाटात. बाहेरचं कुणी पाहायला आलं की ते निघायचे, गेलं की मोजून परत आत.

दर ऑगस्टला सिस्टर तपासणीला येते. व्हरांड्यात टेबल टाकून बसते. प्लास्टिकची एक नळी असते, तिच्यावर आकडे आणि सरकता काटा. नळीत जोरात फुंकलं की काटा वर जातो आणि जिथे गेला तिथेच राहतो. पुढच्याने तो बोटाने खाली आणायचा, तोंडात धरायचं कागदी बोंडूक बदलायचं आणि फुंकायचं. सत्तर माणसं, एक सिस्टर. ती मान खाली घालून लिहीत असते, नळी रांगेत हातोहात फिरते आणि ज्याने त्याने आपला आकडा ओरडून सांगायचा. तीनशेच्या खाली आला तर त्या माणसाला चाळणघर बंद. त्याला उघड्यावर रोपांच्या वाफ्यात पाठवतात. मजुरी तीच. पण आमच्यात "तो रोपांत गेला" म्हटलं की माणूस संपल्यासारखं बोलतात.

पाच वर्षांपूर्वी तपासणीच्या दिवशीच दादाला तो ताप होता. नळी तोंडाला लावली की खोकला यायचा. मुकादम वैतागला. म्हणाला, "अरे, कुणीतरी फुंका याच्या नावाने, माझी यादी पुरी होऊ दे." मी दादाच्या पुढे होतो. मी परत फुंकलं आणि काटा तसाच ठेवून नळी त्याच्या हातात दिली. त्याने आकडा सांगितला, सिस्टरने लिहिला. झालं.

मागे कोंडेवाली मावशी उभी होती. यंत्राखालचा कोंडा झाडते ती. ती म्हणाली, "अगं बाई, हा तर लोहाराचा भाता निघाला. म्हणूनच इतकी वर्षं तोंड मिटून बसला होता, हवा साठवत." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून माझं नाव भाता पडलं.

पुढच्या वर्षी मावशी बरोब्बर माझ्या मागे येऊन उभी राहिली. "भात्या, माझ्यासाठी जरा बेताने फुंक. एकदम तरुण झाले तर सिस्टरला संशय येईल." तिसऱ्या वर्षी मी सात जणांसाठी फुंकत होतो. मला ते आवडायचं, चिंगी. माझ्याकडे कधी कुणी काही मागायला आलं नव्हतं. ऑगस्ट आला की लोक मला तंबाखू पुढे करायचे, मी खात नाही हे माहीत असूनही.

तर असा तो आकडा. तू कार्ड बरोबर वाचलंस. कार्डावर दादा नव्हता, मी होतो.

शेवटच्या वर्षीही तसंच झालं. दादा माझ्या मागे उभा राहिला, मी फुंकलं, आकडा सांगितला गेला. त्यालाही जागा सोडायची नव्हती.

काका

१० मार्च

चिंगी,

तुझं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच प्रश्न आहे. "बाबांना जागा सोडायची नव्हती, तर नोव्हेंबरमध्ये ते मला 'चिंगे, मला तुझ्याकडे ने, इथे आता जमत नाही' असं का म्हणाले?"

तो तुला असं म्हणाला होता, हे मला माहीत नव्हतं. मी खाली नळावर पाणी भरत असेन. मी वर आलो तेव्हा कार्ड तुझ्या हातात होतं.

आता सगळं लिहितो. मागच्या पत्रात मी एक नियम गाळला. यंत्रावरच्या जोडीतला तोंडावरचा माणूस रोपांत गेला, की त्याच्या जागी बाहेरचा माणूस येत नाही. शेपटाचा वर जातो.

मी अकरा वर्षं दाराजवळ उभा राहून वर बघत होतो. माझ्या पाठीला वारा लागायचा. दादा वर कसा दिसायचा सांगू? धुक्यात माणूस उभा असावा तसा. आधी चेहरा दिसेनासा व्हायचा, मग हात. पोतं ओतून झालं की तो कठड्याला धरून उभा राहायचा. पूर्वी दहा श्वास थांबायचा. मागच्या उन्हाळ्यात मी मोजत असताना चाळीस झाले. मी मोजत होतो, म्हणजे मला कळत होतं. मला कळत नव्हतं असं मी कुणालाच सांगू शकत नाही.

ऑगस्टमध्ये तपासणीला जाताना दादा म्हणाला, "या वेळी मी स्वतः फुंकतो." मी म्हटलं, "कशाला? उगाच खोकला काढशील." तो म्हणाला, "बघू तरी, किती उरलाय ते." हसत म्हणाला. दुकानात तेल किती उरलंय विचारावं तसं.

रांगेत तो माझ्या मागे होता. मी माझं फुंकलं. नळी मागे दिली, काटा वरच ठेवून, नेहमीसारखा. दादाने बोटाने काटा पार खाली आणला. बोंडूक बदललं. फडकं मानेवर घेतलं, डोळे मिटले आणि फुंकलं. फुंकताना त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. काटा एकशे नव्वदवर थांबला.

त्याने आकडा पाहिला. मग माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, "ओठ नीट आवळले नाहीस. बाजूने हवा गेली. आण इकडे." त्याने ओठ नीट आवळले होते. मी नळी त्याच्या हातातून घेतली, फुंकली आणि परत त्याच्या हातात ठेवली.

सिस्टरने मान वर न करता विचारलं, "पुढचा? आकडा?"

दादा नळीकडे बघत राहिला. मागून मावशी म्हणाली, "अहो, सांगा की, ऊन लागतंय."

मी सांगितलं. "चारशे साठ."

म्हणजे दादाने तो आकडा सांगितलाच नाही. पहिली चार वर्षं त्याने सांगितला होता. शेवटचा मी सांगितला, त्याच्यासमोर, त्याच्या नावाने. त्या दिवशी एकशे नव्वद लिहिलं गेलं असतं तर दुसऱ्या सकाळी तो उघड्यावर रोपांना पाणी घालत असता आणि मी माच्यावर असतो. मला माच्यावर जायचं नव्हतं. याच्यापेक्षा मोठं काही कारण नाही. मी दुसरं शोधून पाहिलं, तीन पत्रं लिहून पाहिली.

घरी जाताना तो दोनदा चपलेशी वाकला. दुसऱ्यांदा वाकलेला असतानाच म्हणाला, "तुझी फुंक चांगली आहे रे." बस. पुढे चार महिने त्याने तो विषय काढला नाही. मला टोमणा मारला नाही, डबा भरून द्यायचा तो देत राहिला. त्याला कळलं होतं का, हे मी स्वतःला रोज विचारतो. कळलं होतं. तुझ्यासमोर त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी पेला घासत राहिलो, म्हणून त्याने खोटारडेपणा स्वतःवर घेतला.

तू त्याला नेलं नाहीस ते माझ्या आकड्यामुळे. तो तुला खरं सांगत होता. हे मी तुला सांगायला हवं होतं, नोव्हेंबरमध्येच.

माफ कर असं लिहीत नाही.

काका

२९ मार्च

चिंगी,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहतोय असं समजू नकोस. हे पत्र वेगळ्या कामाचं आहे.

सात जणांतला एक दादा. सहा अजून चाळणघरात होते, माझ्या आकड्यांवर. तुला सगळं लिहिल्यावर त्यांच्याबरोबर रोज दारातून आत जाणं मला जमेना. सिस्टर दर बुधवारी दवाखान्यात बसते. गेलो. बाकावर तासभर बसलो. माझी पाळी आली तशी तिने विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, मला काही होत नाही. मग सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "पाच वर्षं मी तुमचंच फुप्फुस तपासत होते की काय?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ रजिस्टर उलटत बसली. मग म्हणाली, "मान वर करून बघायला हवं होतं मी." तिला तसं वाटायचं काही कारण नव्हतं, पण ते मी बोललो नाही. बोलायची वेळ होती तेव्हा बोललो नव्हतो, आता तिला धीर द्यायला निघालो असतो.

सोमवारी ती नळी घेऊन आली. या वेळी प्रत्येकाच्या आधी काटा तिने स्वतः खाली आणला आणि आकडा स्वतः वाचला. सहातले पाच तीनशेच्या खाली. मावशी दोनशे दहा. मावशीने नळी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "भावाला घालवल्यावर सुचलं होय तुला? आधी माझ्याकडे यायला तोंड नव्हतं? एवढा भाता आहेस, दोन शब्द फुंकायचे होतेस." खरं होतं. ती आता वाफ्यात काम करते. येता-जाता दिसते. माझ्याकडे बघत नाही. पण परवा ती टोपलं घेऊन बांध चढताना मधे थांबली, कंबरेवर हात ठेवून, कुठलंही कारण न शोधता, आणि दम खाऊन पुढे गेली.

भाता म्हणून आता मला कुणी हाक मारत नाही.

शेवटी सिस्टरने मला बोलावलं. "तुमचा बघू." मी फुंकलं. चारशे सत्तर आला. मागे कुणी तरी "वा" म्हणालं आणि गप्प झालं. कोण कुठे उभं होतं, ते त्या आकड्यावरून कुणालाही वाचता आलं असतं. मी नळी ठेवली आणि खाली बघत उभा राहिलो.

दादा गेल्यापासून आमचं यंत्र बंद होतं, मी दुसऱ्यांची पोती शिवायचो; दुसऱ्या दिवशी ते सुरू झालं आणि तेव्हापासून मी तोंडावर आहे. सिस्टरने मुकादमाला कपाट उघडायला लावलं. डबीवाले मास्क आता चारही माच्यांवर मिळतात. तसा मास्क दादाला कधी मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी चढवताना हात थांबला, लावू नये असं वाटलं. मग लावला. त्याने न लावता काढलेली अकरा वर्षं मी न लावल्याने कमी होणार नव्हती, आणि मला भीतीही वाटत होती. दोन्ही खरं आहे.

वरून खालचं दार दिसतं. शेपटाला जो उभा असतो तो अगदी स्पष्ट दिसतो, चेहऱ्यासकट. हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं मी समजत होतो की त्यालाही मी धुरकटच दिसत असेन.

आता काम. सिस्टरने दादाचं कार्ड मागून घेतलं, माझ्या फुंकीच्या पाचही ओळी लाल शाईने खोडल्या आणि प्रत्येकीपुढे सही केली. म्हणाली, "शेवटच्या वर्षीचा खरा आकडा तुम्हाला माहीत आहे, तर तो खाली लिहा." पेनही दिलं. मी लिहिला नाही. त्याच्या कार्डावर माझं पुष्कळ लिहून झालं आहे.

कार्ड या पाकिटात ठेवलं आहे. खालची ओळ मोकळी आहे. काटा त्याने स्वतःच्या बोटाने खाली आणला होता, ओठ नीट आवळले होते, आणि त्याची फुंक एकशे नव्वद होती. तू लिही.

काका